छातीवर कोणी बसलेले नसते

“रात्री काहीतरी छातीवर येऊन बसले होते. सगळे दिसत होते, ऐकू येत होते, पण हात हलेना. ओरडायचे होते, तर आवाज फुटेना.”

हे बोल पडघ्यात आणि आसपासच्या गावांत कोणत्या घराने ऐकलेले नाहीत? पालकसभा संपल्यावर एखादी आई हळूच बाजूला येऊन सांगते. रात्रपाळी करून परतलेला कारागीर टपरीवर चहा पिता पिता सांगतो. दहावीतला मुलगा मित्रांना सांगतो आणि मित्र दिवसभर त्याची थट्टा करतात. सांगणाऱ्याची भाषा कधी उर्दू असते, कधी कोकणी, कधी मराठी. गोष्ट मात्र एकच. कोणी म्हणते काळी सावली दाराशी उभी होती, कोणी म्हणते म्हातारी बाई उशाशी बसली होती, कोणाला नुसतेच वाटते की खोलीत आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे.

या महिन्यात आम्ही या विषयावर लिहायचे ठरवले, कारण हा त्रास जितका सामान्य आहे तितकेच त्याबद्दल आपल्या घरांतले मौन खोल आहे. आणि मौन फुटते तेव्हा बहुतेक वेळा एकच शब्द बाहेर पडतो: “साया झालाय.” हा शब्द उच्चारायला क्षणभर लागतो. तो पुसून टाकायला किती काळ लागतो, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ज्याला हा अनुभव येतो तो खोटे बोलत नाही, नाटक करत नाही आणि त्याचे डोकेही फिरलेले नाही. त्याला खरोखर दाब जाणवलेला असतो, आकृती खरोखर दिसलेली असते. फक्त, छातीवर कोणी बसलेले नसते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी, ते पाहू.

डॉक्टर या अनुभवाला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. नावात पॅरालिसिस असले तरी हा लकवा नव्हे, आणि त्यातून लकवा होतही नाही.

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे चार-पाच फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागतात. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. ठळक, चित्रासारखी स्वप्ने बहुतेक याच टप्प्यात पडतात. मग स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून उठून धावत का नाही? कारण या टप्प्यात मेंदू हातापायांच्या आणि अंगाच्या स्नायूंची हालचाल बंद ठेवतो. फ्रान्समधील मिशेल जुवे यांनी मांजरांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. स्वप्न पाहताना आपण स्वतःला किंवा शेजारी झोपलेल्याला इजा करू नये, म्हणून निर्माणकर्त्याने शरीरातच केलेली ही सोय आहे.

कधी कधी मात्र क्रम चुकतो. जाग आधी येते आणि स्नायूंचे कुलूप उघडायला थोडा वेळ लागतो. डोळे उघडलेले, खोली दिसते, पंख्याचा आवाज ऐकू येतो; पण अंग अजून झोपेतच. मेंदूतले स्वप्नाचे यंत्रही अजून थांबलेले नसते. म्हणून खरी खोली आणि स्वप्नातली आकृती एकमेकांत मिसळतात. खुंटीवरचा बुरखा माणूस होतो, दाराची फट डोळा होते.

छातीवरचा दाब का वाटतो? झोपेच्या या टप्प्यात बरगड्यांमधले स्नायू सैल असतात. श्वास चालू असतो तो छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या जोरावर. तो पडदा थांबत नाही. पण घाबरलेला माणूस मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो, बरगड्या साथ देत नाहीत, आणि त्याला वाटते की कोणीतरी वरून दाबते आहे. प्रत्यक्षात श्वास एक क्षणही बंद पडलेला नसतो. हा प्रकार काही सेकंद ते एक-दोन मिनिटे चालतो आणि आपोआप सुटतो. भोगणाऱ्याला ती दोन मिनिटे तासाएवढी वाटतात, हेही तितकेच खरे.

हे किती जणांना होते? २०११ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी ३५ अभ्यासांतील ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. सर्वसाधारण लोकांपैकी शंभरात जवळपास ८ जणांना आयुष्यात निदान एकदा हा अनुभव आलेला होता. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात २८ निघाले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तेरा-चौदा मुलांना हे ठाऊक असू शकते, आणि प्रत्येकाला वाटते की जगात आपण एकटेच.

एकटे तर नाहीच. जपानमध्ये याला ‘कानाशिबारी’ म्हणतात, म्हणजे जणू धातूने जखडून टाकणे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी म्हणत की रात्री म्हातारी हडळ येऊन छातीवर बसते. अरबस्तानात ‘जासूम’ म्हणतात, दाबून बसणारा. इंग्रजीतल्या ‘नाइटमेअर’ शब्दातला ‘मेअर’ हाही मुळात झोपलेल्याच्या अंगावर बसणारा जुन्या काळचा एक दुष्ट जीव होता. देश वेगळे, धर्म वेगळे, पण अनुभव हुबेहूब एक. बसणाऱ्याचे नाव तेवढे प्रत्येक जण आपापल्या आजीकडून शिकतो.

आपल्या हकिमांना हे हजार वर्षांपूर्वी माहीत होते. त्यांचा शब्द होता ‘काबूस’, आणि उर्दूत तो आजही जिवंत आहे. दहाव्या शतकात बुखाऱ्याचे हकीम अखवैनी यांनी आपल्या फारसी वैद्यकग्रंथात काबूसवर लिहिले. त्यांच्यानंतर इब्ने सीना यांनी ‘अल्-कानून फित्-तिब’मध्ये त्याला मेंदूच्या विकारांमध्ये जागा दिली. पोटातून वर चढणारी वाफ मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्यामुळे हे होते, अशी त्या काळची समजूत होती. ती वाफेची गोष्ट आज टिकत नाही. पण पाहण्यासारखे हे आहे की हे दोघेही श्रद्धावान मुस्लिम समाजात वाढले, जिनांचे अस्तित्व मानणाऱ्या लोकांसाठी लिहीत होते, आणि तरीही काबूस समोर आला तेव्हा त्यांनी कारण शोधले ते शरीरात. उपचारही शरीरावरच सांगितले. हा वारसा आपला आहे. तो सोडून आपण कुठे आलो, याचा विचार व्हायला हवा.

आता आपल्या गावाकडे येऊ. झोप तुटणे, झोपेच्या वेळा सतत बदलणे, मनावर ताण असणे आणि पाठीवर उताणे झोपणे, ही स्लीप पॅरालिसिसची नेहमीची कारणे आहेत. काही घराण्यांत तो अधिक आढळतो. ही यादी वाचताना भिवंडी तालुका डोळ्यांसमोर उभा राहत नाही का?

भिवंडीचा यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. आज दिवसपाळी, काही दिवसांनी रात्रपाळी. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस सकाळी घरी येतो तेव्हा मुले शाळेसाठी उठलेली असतात, शेजारचे माग सुरू असतात, पत्र्याच्या छपराखाली ऊन चढू लागलेले असते. तो झोपतो म्हणजे काय करतो? डोळे मिटून पडतो. पडघ्याच्या बाजूला, मुंबई-नाशिक महामार्गालगत, गेल्या काही वर्षांत मोठमोठी गोदामे उभी राहिली. आपली विशी-बाविशीतली मुले तिथे पाळीवर जातात. त्यांची झोप कधी दुपारी, कधी पहाटे, कधी दोन तुकड्यांत. त्यांच्यापैकी एकाने आम्हाला विचारले, “टीचर, आपण जागेपणी इतके काम करतो, मग झोपेत एवढी भीती का?” त्याला उत्तर दिले ते असे: “बेटा, तू झोपेला वेळच देत नाहीस. म्हणून ती घाईत येते आणि घाईत जाते. दार नीट लावायचे राहून जाते.”

घरातल्या बायकांकडेही पाहा. तान्हे मूल रात्री तीनदा उठते, सासऱ्यांचा डबा सकाळी सहाला हवा असतो, मधल्या वेळेत जी झोप मिळते तिला झोप म्हणायचे का? रमजानमध्ये तरावीहनंतर उशिरा आडवे व्हायचे आणि सहरीला पुन्हा उठायचे, अशी झोप दोन तुकड्यांत वाटली जाते. उपासनेसाठी केलेले जागरण वेगळे आणि तरावीहनंतर मोबाइलवर घालवलेले दोन तास वेगळे. झोपेतून मात्र दोन्ही वजा होतात. म्हणून त्या महिन्यात दुपारची अर्ध्या तासाची कैलूला फार उपयोगी पडते. ती दोन-तीन तासांची मात्र होऊ देऊ नये.

साया या शब्दाची किंमत काय असते, त्याची गोष्ट आता सांगतो. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. ओळखीच्या खुणाही वगळल्या आहेत.

एक मुलगी दहावीला होती. घर एका खोलीचे. सगळे झोपल्यावरच अभ्यासाला शांतता मिळे, म्हणून ती रात्री एकपर्यंत वाचायची. फजरला उठायचे, मग शिकवणी, मग शाळा. जमिनीवर ओळीने अंथरुणे, कूस बदलायला जागा नाही, म्हणून उताणे झोपायचे. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तिला तीनदा ‘दाबले’. तिसऱ्या रात्री सुटका होताच ती किंचाळली आणि चाळ जागी झाली. सकाळी पाणी भरताना एका शेजारणीने तो शब्द उच्चारला. संध्याकाळपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोहोचला. कोणीतरी एका आमिलचा पत्ता दिला. त्याने चाळीस दिवसांचा इलाज सांगितला, रक्कम सांगितली आणि वर हेही सांगितले की तोवर मुलीने शाळेत जाऊ नये.

परीक्षा अडीच महिन्यांवर होती. त्या घरात शहाणपण दाखवले ते दादींनी. त्या शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “पोरगी तीन महिने झोपलेली नाही. आधी तिला झोपू द्या, मग काय ते बघू.” मुलीला भिंतीकडेची जागा दिली, उजव्या कुशीवर झोपायला सांगितले, रात्री साडेदहाला दिवा बंद. अभ्यासासाठी शेजारच्या नातेवाइकांकडे दुपारची खोली मिळाली. आईने डॉक्टरांना दाखवले. त्यांनी झोपेबद्दल दहा प्रश्न विचारले आणि घाबरण्यासारखे काही नाही असे सांगितले. महिन्याभरात त्रास जवळजवळ थांबला. मुलगी परीक्षेला बसली, पास झाली.

पण तो शब्द? वर्गातल्या दोन मुली कितीतरी दिवस तिच्या बाकावर बसल्या नाहीत. पुढे वर्षभराने स्थळाची बोलणी निघाली तेव्हा समोरून कोणीतरी हळूच विचारले, “तिला काही त्रास होता म्हणे?” झोप महिन्याभरात सुधारली होती. झालेली बदनामी मात्र अजून तिच्या मागे चालत होती. म्हणून आम्ही म्हणतो की या बाबतीत पहिली पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची. घाबरून उठलेल्या माणसाला घर त्या पाच मिनिटांत काय म्हणते, त्यावर पुढचे बरेच काही ठरते.

हे केवळ भावनेने म्हणत नाही. २०१३ साली बलंद जलाल आणि डेव्हन हिंटन या संशोधकांनी डेन्मार्क आणि इजिप्तमधल्या लोकांच्या या अनुभवाची तुलना प्रसिद्ध केली. इजिप्तमध्ये या अनुभवाला जिनांशी जोडण्याची समजूत सर्वत्र आहे, डेन्मार्कमध्ये नाही. इजिप्तमध्ये हा त्रास अधिक जणांना झालेला आढळला, अधिक वेळा झालेला आढळला, आणि त्या वेळी आपण मरणार अशी भीतीही अधिक आढळली. संशोधकांचे म्हणणे असे की भीती झोपेला चाळवते, चाळवलेल्या झोपेत हा प्रकार पुन्हा होतो, आणि पुन्हा झाला की भीती आणखी पक्की होते. म्हणजे घरातल्यांनी घातलेली भीती त्रास वाढवू शकते. उलट, घरातल्यांनी दिलेला धीर तो कमी करू शकतो.

इथे काही वाचक विचारतील, मग जिन नाहीतच का? जिनांवर आपला ईमान आहे, कुरआनमध्ये त्यांचा उल्लेख आहे. तो प्रश्नच नाही. प्रश्न इतकाच आहे की प्रत्येक दुखणे त्यांच्या नावावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक अल्लाहकडून येणारी शुभवार्ता, दुसरे सैतानाकडून दुःखी करण्यासाठी येणारे, आणि तिसरे माणसाच्या स्वतःच्या मनातल्या विचारांचे. तिसरा प्रकार आपण विसरूनच गेलो आहोत. दिवसभराची चिंता रात्री स्वप्नात येते, हे त्या शिकवणीतच आहे.

वाईट स्वप्न पडले तर काय करावे, हेही शिकवले आहे. अल्लाहचा आश्रय मागावा, डाव्या बाजूला तीनदा हलके थुंकल्यासारखे करावे, कूस बदलावी आणि ते स्वप्न लोकांना सांगत बसू नये. मग ते नुकसान करीत नाही. या शिकवणीत ताबीज नाही, चाळीस दिवस नाहीत, रक्कम नाही. घाबरलेल्या माणसाला धीर आहे आणि त्याच्या अब्रूची काळजी आहे. गल्लीत बोभाटा न करण्याचा सल्ला त्या मुलीच्या बाबतीत पाळला गेला असता, तर तिचे वर्ष वाचले असते. डॉक्टरांना त्रास सांगणे म्हणजे स्वप्न गावभर करणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. आजार आहे तिथे इलाजही आहे, तो करा, ही शिकवणही त्याच प्रेषितांची (स.) आहे.

झोपण्याची सुन्नतही आठवून पाहा. वुजू करून, उजव्या कुशीवर झोपणे. इशानंतर उगाच गप्पा मारत न बसणे. शेवटच्या तीन सूरह आणि आयतुल कुर्सी पढून झोपणे. आजचा डॉक्टर सांगतो की उताणे झोपू नका, ठरल्या वेळी झोपा, झोपेआधी मन शांत करा. आम्ही विज्ञानातून धर्म सिद्ध करायला निघालेलो नाही. त्याची गरजही नाही. पण ज्या घरात या सवयी आहेत त्यांना अर्धा इलाज आधीच माहीत आहे, एवढे नक्की.

आता भीतिदायक स्वप्नांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. स्लीप पॅरालिसिसमध्ये माणूस अर्धा जागा असतो. भीतिदायक स्वप्नात तो पूर्ण झोपेत असतो आणि दचकून उठल्यावर त्याला स्वप्न आठवते. लहान मुलांमध्ये तिसराच प्रकार दिसतो: रात्रीच्या पहिल्या प्रहरात मूल एकदम किंचाळत उठते, डोळे उघडे असतात, पण आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. अशा मुलाला हलवून, गदागदा जागे करू नये. त्याला काही लागणार नाही एवढे पाहावे, थोड्या वेळाने ते पुन्हा झोपते. बहुतेक मुले मोठी होता होता यातून बाहेर येतात.

एखाद्या आघातानंतर येणारी स्वप्ने मात्र गंभीरपणे घ्यायला हवीत. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. लोक गाढ झोपेत होते. चाळीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. अशा दुर्घटनेतून वाचलेल्या माणसाला, शेजारी राहणाऱ्याला किंवा ढिगारा उपसणाऱ्याला रात्री छत हलल्यासारखे वाटले, तेच तेच स्वप्न महिनोन्‌महिने पडले, झोपायचीच भीती वाटू लागली, तर त्यात नवल नाही. ती जखम आहे. डोळ्यांना दिसत नाही इतकेच. महामार्गावरचा अपघात, दंगल, लहानपणी कोणी केलेला अत्याचार, यांच्या जखमाही अशाच रात्री उघडतात. मूल एखाद्या विशिष्ट माणसाच्या भीतीने झोपेतून दचकत असेल, तर ‘नजर लागली’ म्हणून विषय मिटवू नका. जवळ घेऊन, एकांतात, शांतपणे विचारा.

अशा वारंवार पडणाऱ्या स्वप्नांवर एक साधा उपचार आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ तो शिकवतात. दिवसा, उजेडात, ते स्वप्न कागदावर लिहायचे. मग त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा: छत कोसळत नाही, दार उघडते, कोणीतरी हात देते. हा नवा शेवट रोज दहा-वीस मिनिटे डोळे मिटून मनात पाहायचा. अमेरिकेत झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना या पद्धतीने फायदा झाल्याचे दिसले. मोठा आघात असेल तर हे तज्ज्ञांच्या सोबतीनेच करावे. मुलांना मात्र वहीत चित्र काढून स्वप्नाचा शेवट बदलायला खूप आवडते. आम्ही वर्गात हे पाहिले आहे. एका मुलाने स्वप्नातल्या राक्षसाच्या हातात शाळेचा डबा दिला होता.

दाबले गेल्यासारखे वाटते त्या क्षणी काय करावे?

पहिले, सर्व बळ लावून उठायचा प्रयत्न करू नये; त्याने दाब वाढल्यासारखा वाटतो. दुसरे, मनाला सांगावे की हे काय आहे ते मला माहीत आहे, श्वास चालू आहे, आत्ता सुटेल. तिसरे, आकृतीकडे पाहू नये. डोळे मिटावेत आणि लक्ष एकाच गोष्टीवर ठेवावे. ज्यांना सवय आहे त्यांनी मनातल्या मनात एखादी दुआ सावकाश म्हणावी. जीभ हलत नसली तरी मन चालू असते. चौथे, पायाचे एक बोट किंवा हाताची करंगळी हलकेच हलवून पाहावी. सुटका झाल्यावर लगेच तसेच उताणे झोपू नये. उठून बसावे, पाणी प्यावे, दिवा लावावा, मग कुशीवर झोपावे.

आणि शेजारी झोपलेल्यांनी? कोणी झोपेत कण्हत असेल, श्वास जड वाटत असेल, तर नावाने हाक मारावी, खांद्याला हात लावावा. स्पर्शाने बहुतेक वेळा सुटका होते. जागा झाल्यावर “काय दिसले? कोण होते?” अशी चौकशी करू नये. “इथेच आहोत आम्ही, झोप आता” एवढे पुरे.

डॉक्टरांकडे कधी जावे? त्रास आठवड्यात अनेकदा होत असेल. दिवसा बोलता बोलता, जेवता जेवता झोप लागत असेल, किंवा जोरात हसल्यावर गुडघे लुळे पडत असतील. मोठ्याने घोरणे आणि घोरताना मध्येच श्वास अडकणे असेल. झोपेत अंगाला झटके येत असतील, जीभ चावली जात असेल, अंथरूण ओले होत असेल. ही फेफऱ्याची खूण असू शकते. रक्तदाबाच्या किंवा मनाच्या आजाराच्या एखाद्या गोळीनंतर भयानक स्वप्ने सुरू झाली असतील तर तेही सांगावे, पण गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर एक दिवसही थांबू नये.

सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून होऊ शकते. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक त्याच दिवशी घरी परततात. ‘तुला ठाण्याला नेऊन टाकू’ ही आपल्याकडची शिवी आता बंद व्हायला हवी. बाहेर जाणे शक्य नसेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठी-हिंदीत बोलता येते. पडद्यातल्या भगिनींना घरात बसून हा फोन करता येतो.

शेवटी ज्या गोष्टीपासून दूर राहायचे तिच्याबद्दल. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी इथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी निवासाला पहाटे आग लागली. आत मानसिक रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पळता न आल्यामुळे २८ जण जळून मेले. त्यांना तिथे आणणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते, बरे होतील या आशेने आणणारे. आपल्या राज्यात नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरात दुआ करणे, कुरआन पढून दम करणे, दर्ग्यात किंवा मशिदीत प्रार्थना करणे याला तो कायदा हात लावत नाही. कोणाच्या अंगाला इजा आणि खिशाला गंडा घालणाऱ्यालाच तो हात लावतो. दुआ देणारा कोण आणि सौदा करणारा कोण, हा फरक ओळखायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. जो मुलीची शाळा थांबवायला सांगतो, दवाखान्यात नेऊ नका म्हणतो, एकांतात सोडा म्हणतो, त्याच्या दारातून तिथूनच मागे फिरावे.

आमची विनंती घरातल्या मोठ्यांना आहे. आज रात्री जेवणानंतर मुलांना सहज विचारून पाहा, “तुम्हाला कधी झोपेत असे दाबल्यासारखे झाले आहे का?” कोणीतरी नक्की हो म्हणेल, कदाचित असा मुलगा किंवा सून, ज्यांच्याकडून तुम्हाला अपेक्षा नव्हती. मग त्यांना सांगा की हे शरीराचे काम आहे, यात लाज नाही, आणि पुन्हा झाले तर आम्हाला उठवा. एवढे करून दिवे वेळेवर बंद करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर कपाटात ठेवा.